मेनफ्रेमवरील बॅकअप आणि रिस्टोअर : स्टोअरेज टीममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मेनफ्रेमच्या स्टोअरेज टीममध्ये नवख्या माणसाकडे सहसा रात्रीच्या बॅकअप जॉबचे आउटपुट तपासण्याचे काम येते. पुण्यात बसून परदेशी बँकांच्या यंत्रणा सांभाळणाऱ्यांनाही हे चुकत नाही. बरेच जण रिटर्न कोड (जॉब कसा संपला हे सांगणारा आकडा) पाहून पुढे जातात. आयबीएमचा एडीआरडीएसएसयू हा बॅकअप घेणारा व परत उतरवणारा प्रोग्रॅम मात्र डेटासेटच्या, म्हणजे मेनफ्रेमवरील फाइलींच्या, दोन याद्या छापतो : एडीआर४५४आय या संदेशाखाली नीट घेतलेले आणि एडीआर४५५डब्ल्यू या संदेशाखाली राहून गेलेले. मी नेहमी दुसरी यादी आधी वाचतो.

डेटासेट राहून जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तो त्या वेळी एखाद्या बॅच जॉबने किंवा सीआयसीएसने (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीने) धरून ठेवलेला असतो. अशा वेळी कोणीतरी हमखास ‘टॉलरेट एन्क्यू फेल्युअर’चा (डेटासेट धरलेला असला तरी प्रत घेण्याचा) पर्याय सुचवतो आणि तो घातला की जॉब वरवर सुरळीत संपतोही, परंतु वाचन चालू असतानाच डेटा बदलत असेल, तर व्हीसॅम (मेनफ्रेमवरील फाइलचा एक प्रकार) फाइलचा इंडेक्स एका क्षणाचा आणि डेटा दुसऱ्या क्षणाचा, अशी प्रत हाती येऊ शकते. त्यापेक्षा ॲप्लिकेशन टीमकडून फाइल बंद असण्याची वेळ मागून घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. डीबीटू या डेटाबेसच्या टेबलांसाठी तर त्याची स्वतःची इमेज कॉपी (टेबलांची प्रत) आणि लॉग (बदलांची नोंद) यांचाच आधार घ्यावा.

मायग्रेशन म्हणजे बॅकअप नव्हे. एचएसएमने (डेटासेट आपोआप हलवणाऱ्या व त्यांचे बॅकअप घेणाऱ्या प्रणालीने) वापरात नसलेला डेटासेट मायग्रेट केला, की तो दुसरीकडे हलतो, त्याची जादा प्रत तयार होत नाही. तो परत आणतो तो रिकॉल, आणि बॅकअपमधून आणतो तो रिकव्हर.

रिस्टोअर करताना प्रॉडक्शनच्या नावावर थेट ‘रिप्लेस’ वापरण्याऐवजी ‘रिनेमयू’ देऊन प्रत नव्या नावाने उतरवावी आणि रेकॉर्ड ॲप्लिकेशन टीमला दाखवावेत. त्याआधी जॉबमधील एक्झिक स्टेटमेंटच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या ओळीच्या) पार्ममध्ये ‘टाइपरन=नोरन’ दिल्यास प्रत्यक्ष काहीही न हलवता कोणते डेटासेट निवडले जातील ते समजते. व्हीसॅमला अल्टरनेट इंडेक्स (जादा इंडेक्स) असेल, तर तोही सोबत यावा म्हणून डंप (बॅकअप घेणे) आणि रिस्टोअर या दोन्ही वेळी ‘स्फिअर’ लिहावे. जागेचा हिशेब सिलिंडरमध्ये करायची सवय लावावी : ३३९० डिस्कचा एक सिलिंडर म्हणजे १५ ट्रॅक, आणि एका ट्रॅकमध्ये जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट मावतात.

“फाइल परत आणा” अशी विनंती आली, की फाइल कोणत्या बॅचच्या आधीची हवी, हे प्रथम विचारावे. डेटासेट बदलला की एचएसएम पुढच्या खेपेला त्याचा नवा बॅकअप घेते. चुकीच्या जॉबने फाइल बिघडवली, तरी एचएसएमच्या दृष्टीने तो बदलच असतो. त्यामुळे ‘जनरेशन शून्य’, म्हणजे सर्वांत ताजी प्रत, बिघडलेल्या फाइलचीच असण्याची शक्यता बरीच असते. एचएसएमच्या एचलिस्ट कमांडने प्रतींची तारीख व वेळ काढून ती बॅचच्या वेळेशी ताडून पाहावी. किती प्रती ठेवायच्या हे मॅनेजमेंट क्लासमध्ये (डेटासेटला लागू असलेल्या नियमांच्या संचात) ठरलेले असते. ती संख्या दोन असेल, तर आज रात्रीचा बॅकअप चांगली प्रत कायमची बाहेर ढकलू शकतो. म्हणून चौकशी संपण्याची वाट न पाहता ती प्रत नव्या नावाने त्याच दिवशी रिकव्हर करून ठेवावी.