घरी गाणं रेकॉर्ड करताय? आधी गेन समजून घ्या

नौपाड्यातल्या आमच्या घरी बहिणीचा अभंग पहिल्यांदा रेकॉर्ड केला तेव्हा मुखडा इतका सुंदर आला की मी निवांत होतो, आणि अंतऱ्यात ती वरच्या सा वर गेली तिथे आवाज फाटला. माइक चांगला होता, चूक गेन लावण्यात होती.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही हे आधी पक्कं करा. माइकमधून येणारा सिग्नल एकदम बारीक असतो, साधारण काही मिलिव्होल्ट, त्याला माइक लेव्हल म्हणतात, आणि प्रोफेशनल मशीनची लाइन लेव्हल असते १.२३ व्होल्टच्या आसपास. हा फरक भरून काढायचं काम इंटरफेसमधला, म्हणजे माइक आणि लॅपटॉपच्या मधल्या डब्यातला, प्रीअँप करतो आणि सिग्नल किती उचलायचा ते गेनच्या नॉबने ठरतं. हेडफोनचा नॉब फक्त आपल्या कानापुरता, तो फिरवून रेकॉर्डिंगमध्ये काहीच बदलत नाही.

आता गेन लावताना हॅलो हॅलो चेक करून थांबू नका, गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग असेल तोच गायला सांगा, पूर्ण ताकदीने, माइकपासून जेवढ्या अंतरावर शेवटी गाणार तेवढ्याच अंतरावरून, आणि तेव्हा मीटर उणे १२ डीबीच्या आसपास जाईल असा नॉब ठेवा. डिजिटलमध्ये शून्य डीबी म्हणजे छत, त्याच्या वर लाट जाऊच शकत नाही, तिचा माथा सपाट कापला जातो, हेच क्लिपिंग. वर सोडलेली मोकळी जागा म्हणजे हेडरूम. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट निवडून रेकॉर्ड करा, लेव्हल थोडी कमी आली तरी नंतर आरामात वाढवता येते.

कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं, ती फँटम पॉवर, माइकला केबलमधूनच मिळणारी वीज. साध्या डायनॅमिक माइकला लागत नाही. बटण दाबताना स्पीकर आणि हेडफोन बंद ठेवा, जोरात ठप्प आवाज येतो.

केबल एक्सएलआरच घ्या. तिच्यात तोच सिग्नल दोन तारांतून जातो, एका तारेत उलटा. वाटेत घुसलेली खरखर मात्र दोन्हीत सारखी असते, पुढे दोघींची वजाबाकी झाली की खरखर जाते आणि गाणं उरतं. मला हे फार आवडतं! तरीही घूंऽऽ असा खर्ज येत असेल तर तो बहुतेक आपल्या विजेचा, ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गेला तर ग्राउंड लूप होता, म्हणजे दोन मशीनच्या वेगवेगळ्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, मग सगळं एकाच बोर्डावर लावा.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर ती लेटन्सी, इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर चालू करा, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. आणि टेकच्या आधी पंखा बंद करून दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, मग ती हेडफोनवर ऐका, आमच्याकडे त्यात फ्रिज सापडला होता.