नवख्याचा प्रश्न आला, की उत्तर कसं द्यावं

प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपमध्ये मुरलेल्यांसाठी हे लिहितोय. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते आणि उत्तरं द्यायची हौस आहे, एवढं गृहीत धरतो.

प्रश्न शेवटपर्यंत वाचा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो आला असेल तर कोड मजकूर म्हणून चिकटवायला सांगा, एररच्या शेवटच्या ओळीसकट. पायथनमध्ये कामाची गोष्ट बहुधा तिथेच असते. रोमन लिपीतल्या मराठीत विचारलंय? उत्तर मराठीतच द्या. "गूगल कर" म्हणू नका. शोधायला शब्द माहीत असावा लागतो, आणि नवख्याकडे नेमका तोच नसतो. "अरे, एवढंही माहीत नाही?" हे तर अजिबात नको. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमर एकत्र येऊन शिकतात त्या ठिकाणी, असं खोटं आश्चर्य दाखवायचं नाही, असा लेखी नियमच आहे.

खरी गोची पुढे आहे. मूळ अडचणीवर नवख्याने स्वतःच एक तोडगा काढलेला असतो, त्यात तो अडकतो, आणि प्रश्न येतो तो त्या तोडग्याबद्दल. मूळ अडचण तो सांगतच नाही. जाणकार याला 'एक्स-वाय प्रॉब्लेम' म्हणतात.

एका मुलाने विचारलं होतं, "सर, स्ट्रिंगमधल्या मात्रा कशा काढायच्या?" (स्ट्रिंग म्हणजे प्रोग्रॅममधला मजकूर.) मी लिहिलं, "तुला नेमकं करायचंय काय?" शंका रास्त होती. पण समोरासमोर हसून विचारलेलं हे वाक्य लिहिलं की फौजदाराने दरडावल्यासारखं वाचलं जातं. मुलगा गप्प झाला, पुन्हा काही त्याने विचारलं नाही. अशी आणखी दोन-तीन मुलं मी घालवली, आणि वर 'आजकालच्या पोरांना चिकाटी नाही' म्हणत बसलो.

आता आधी उत्तर देतो, मग विचारतो. काही महिन्यांनी तोच प्रश्न एका मुलीकडून आला. मी लिहिलं, "एकेक चिन्ह तपास, मात्रा असेल तर गाळ. हे कुठे वापरणार आहेस? कदाचित याहून सोपी वाट असेल." दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं. 'रामाला भाला मारा' हे उलटं वाचलं तरी तेच राहतं, हे तिला प्रोग्रॅमने तपासायचं होतं. मोकळ्या जागा काढून वाक्य उलटवलं, तर पायथन 'नाही' म्हणत होता. मात्रा काढल्या की 'हो' म्हणत होता.

उत्तर बरोबर येत होतं, रीत चुकीची होती. मात्रा गाळल्या तर 'काक'सुद्धा पास होतो.

इथे युनिकोडचं, म्हणजे संगणक अक्षरं कशी साठवतो त्या पद्धतीचं, पुराण लावू नका, आणि तयार कोड तर मुळीच देऊ नका. मी तिला 'मराठी' शब्दाची लांबी छापून बघायला सांगितलं. उत्तर आलं ५. आपण मोजतो ३. "मात्रा वेगळ्या मोजतोय का?" असं तिनेच विचारलं. मग एवढंच सांगायचं उरलं, की मात्रा आली की ती आधीच्या अक्षराला जोड आणि अशा जोड्यांची यादी उलटव. जोडाक्षरांचं दुसऱ्या दिवशी पाहिलं.

एवढ्यात ग्रुपमधले तिघे जण तीन लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचे संच, सुचवून गेलेच. तुम्ही त्या तिघांपैकी असाल तर कृपा करून थांबा. कुणी आधीच शिकवत असेल तर मध्ये तोंड घालू नका. लायब्ररी उद्याही तिथेच असते.

उत्तर चाललं का, ते लिहायला सांगा. आणि 'सर' म्हणू नकोस, असंही सांगून बघा. माझं अजून कुणी ऐकलेलं नाही.