डाळिंबाची तेल्या रोगाची फळं बांधावर टाकू नका, फेजची बाटली नंतर बघू

पोळ्यानंतरचा पाऊस, दमट हवा, मधेच कडक ऊन. डाळिंबाच्या तेल्याला, म्हणजे पानाफळावर तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूच्या रोगाला, हेच हवं असतं. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळं झाडावर असतील तर आजच बाग फिरा. डागी फळं तोडा, खाली पडलेली वेचा, गोणीत भरून बागेबाहेर न्या आणि जाळा किंवा खोल पुरा. बांधावर टाकू नका.

सांगोला-आटपाडीकडं चांगल्या बागा जाताना मी पाहिल्यात. फवारण्या सगळ्या झालेल्या, आणि बांधावर एल आकाराची भेग पडलेल्या काळ्या फळांचा ढीग. पावसाचा थेंब त्यावर आपटतो, उडालेलं पाणी वारा पुढच्या ओळीत नेतो. माझा अनुभव असा (शिफारशीत हे नाही) की वाऱ्याच्या तोंडच्या दोन ओळींत डाग आधी दिसतो. पान उजेडात धरा, तेलकट ठिपका लगेच कळतो.

आता कुणी ‘जिवाणू खाणारा विषाणू’, म्हणजे फेज, म्हणून महागडी बाटली पुढं करेल. फेज खोटा नाही. तो जिवाणूत शिरतो, आत वाढतो, त्याला फोडून बाहेर पडतो. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी २००५ पासून त्याची नोंदणी आहे. पण टोमॅटोचा फेज डाळिंबाच्या तेल्यावर चालेलच असं नाही. ठरावीक जिवाणूला ठरावीकच फेज लागतो. उन्हात तो काही तासांत निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी. तांब्याचं औषधही त्याला मारतं. लेबलवर नोंदणी क्रमांक आणि डाळिंबाच्या तेल्याचं नाव नसेल तर पैसे देऊ नका. आणि बांधावरच्या ढिगात, फांदीच्या खाचेत दडलेल्या जिवाणूपर्यंत तो पोचत नाही.

स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाची शिफारस लिटरला अर्धा ग्रॅम होती, सोबत तांब्याचं कॉपर ऑक्सिक्लोराईड अडीच ग्रॅम. दुकानदार दुप्पट सांगतो, तसं करू नका. वारंवार मारलं की जिवाणू त्याला दाद देत नाही, आणि त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगाच्या माणसालाही लागतं.

हस्त बहाराच्या (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याच्या) छाटणीला:
- कात्री प्रत्येक झाडानंतर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये
- छाटलेल्या फांद्या, पाला त्याच दिवशी बाहेर
- फवारणीला १ टक्का बोर्डो मिश्रण : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर
- कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट
- गुटी (फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) रोगट बागेतली नको

शेजाऱ्याच्या बांधावर ढीग दिसला तर त्याच्याशी आजच बोला. तो एकटा असेल तर दोन माणसं घेऊन जा आणि त्याच्यासोबत ढीग उचला.