नाशिकमधून परदेशी स्टोरी ग्रँटला अप्लाय करताय? आधी हे बघा

इंटरन्यूज ही १९८२ पासूनची ना-नफा संस्था, जगभरात स्वतंत्र पत्रकारितेला मदत करते, आणि तिचंच अर्थ जर्नालिझम नेटवर्क (२००४ पासून) पर्यावरणाच्या बातम्यांना स्टोरी ग्रँट, म्हणजे एखादी बातमी करायला लागणारे पैसे, देतं. साइटवर कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी घोषणा, आला की आधी त्यात भारत बसतो का ते बघा, मग बाकीचं.

पिचमध्ये, म्हणजे बातमीच्या प्रस्तावात, "गोदावरी प्रदूषण" असलं मोघम नको राव. रामकुंडाच्या तळाचं काँक्रीट काढलं तर खालचे झरे परत वाहतील का, कोणाकोणाशी बोलणार, किती दिवस लागतील, पेट्रोल किती जाळणार, एवढं नेमकं हवं. मी एकदा एका ठिकाणी बजेटमध्ये नुसतं "प्रवास" लिहून मोकळा झालो होतो, तिथेच कटलो.

खरी गोम पैशांत आहे. एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, संपादक, मालक यांना परदेशी देणगी घेता येत नाही, कामाच्या मोबदल्याला कलम ४ मध्ये काही सूट आहे पण ते आपल्या मनाने ठरवू नका, सही करायच्या आधी करार घेऊन सीएकडे जा आणि त्यात ग्रँट लिहिलंय की कामाची फी, ती ओळ त्याला दाखवा.