चर्चच्या तरुण संघातल्या पोरापोरींना कौमार्य कसं समजावून सांगायचं

कापसाची वेचणी संपत आली की आपल्याकडे सोयरिकीच्या बैठका सुरू होतात, म्हणून हा विषय जानेवारीतच घ्या, एप्रिल-मेमधे लग्नाची तारीख निघाल्यावर कोणी मोकळं बोलत नाही. अन पोट्टे-पोरी एकत्रच बसवा. बऱ्याच मंडळ्यांत पोरींना वेगळं बसवून "जपून राहा" सांगतात अन पोट्टे बाहेर क्रिकेट खेळून राहिले असतात, तिथंच अर्धा विषय चुकते.

सुरुवात येशूच्या आईपासून, मरियेपासून नका करू. बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र काढा, 6 वा अध्याय, अन 15 ते 20 वचनं एखाद्या पोट्ट्याला मोठ्यानं वाचायला लावा. शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे हे सगळ्यांना पाठ असते, पण पत्र लिहिणारा प्रेषित पौल ते कोणाला सांगून राहिला हे विचारा. वेश्येकडे जाणाऱ्या पुरुषांना! हे पोट्ट्यांच्या ध्यानात आलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं पोरींच्याच डोक्यावर बसते.

मंग 7 वा अध्याय. लग्न न केलेला माणूस प्रभूच्या कामाला मोकळा राहते असं पौल म्हणते खरं, पण 25 व्या वचनात तोच सांगते की कुमारिकांबद्दल प्रभूची आज्ञा नाही, हे आपलं मत आहे. मत्तय 19:12 मधे येशू बी हेच म्हणते, ज्याला झेपते त्यानं स्वीकारावं. म्हणजे हे खुशीनं दिलेलं अर्पण आहे. कोणाच्या खिशातून हिसकून थैलीत टाकलेले पैसे दान होत नाहीत, तसंच हे.

आता मरिया घ्या, लूक 1. 34 व्या वचनात ती देवदूताला सवाल करते, हे कसं होईल म्हणून, अन 38 मधे स्वतःच्या तोंडानं हो म्हणते. इथं घाई नका करू, तिला कोणी गप्प बसवलं नाही हे पोरींना दिसू द्या. कॅथलिक लोक ती आयुष्यभर कुमारी राहिली असं मानतात, आपल्या प्रोटेस्टंटांतले बहुतेक येशूच्या जन्मापर्यंतच मानतात, प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन लूथर मात्र कॅथलिकांसारखंच मानत होता. संघात दोन्हीकडची पोरं असतील तर यावर वाद नका लावू. कॉन्व्हेंटच्या सिस्टर लग्न काहून करत नाहीत हे विचारतीलच, त्यांना एखाद्या रविवारी बोलवा, त्या स्वतःच चांगलं सांगतात. लूथरनं 1525 मधे कॅथरिना नावाच्या आधीच्या ननशी लग्न केलं अन संसार बी देवाचंच पाचारण आहे हे शिकवलं, हे बी सांगा.

बायबलातल्या अनुवाद पुस्तकाच्या 22 व्या अध्यायातलं, नवरीच्या कौमार्याचा पुरावा म्हणून दाखवायचं वस्त्र कोणीतरी काढतेच. लपवू नका. तो जुन्या इस्राएलाचा नियम होता, आपल्या लग्नविधीत पाळक असा पुरावा मागत नाहीत. अन डॉक्टरकीत तर कौमार्य ओळखायची टेस्टच नाही, 2018 मधे जागतिक आरोग्य संघटनेनं तसं साफ सांगितलं, अन आपल्याच सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकानं पाठपुरावा केल्यावर राज्याच्या आरोग्य विद्यापीठानं 2019 मधे कौमार्याच्या खुणा हा भाग अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. सासरचे चादर पाहतो म्हणत असतील तर ख्रिस्ताच्या नावानं ते चालवून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र कधीच सोडू नका. 410 मधे रोम लुटलं गेलं तेव्हा कित्येक ख्रिस्ती बायांवर बलात्कार झाले, अन ऑगस्टीन नावाच्या बिशपनं ठासून लिहिलं की जिच्या मनानं होकार दिला नाही तिचं पावित्र्य गेलंच नाही. हे सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात सांगा, कारण वर्गात बसलेल्या एखादीला त्याच वाक्याची गरज असू शकते.

ती नंतर एकटी भेटायला आली तर सवाल कमी करा, ऐका जास्त, सोबत एखादी भरवशाची बाई असू द्या. कोणालाच सांगत नाही असं वचन देऊ नका, कारण ती 18 च्या आतली असन तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागते. 1098 हा मुलांच्या मदतीचा, चाइल्डलाइनचा नंबर आधीच फळ्यावर लिहून ठेवा.