वीज नसताना मासे-भाजीचं पाणी कसं फिरवलं

माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवून त्यावर भाजी वाढवतो. भारनियमन सुरू झालं की पंप बंद आणि माशांचं पाणी जागेवरच. म्हणून पंपच काढून टाकला. जिन्यावर 200 लिटरचा निळा ड्रम, त्याखाली खडीचा वाफा, सर्वांत खाली माशांची टाकी. सकाळ-संध्याकाळ टाकीतलं पाणी बादलीने ड्रममध्ये चढवतो; उतरायचं काम पाणी आपणच करतं.

अडचण आली बेल सायफनची, म्हणजे वाफ्यातल्या उभ्या पाइपवर उपडं झाकण; वाफा भरला की ते सगळं पाणी आपोआप ओढून खाली सोडतं. ड्रमची तोटी बारीक सोडली की पाणी उभ्या पाइपच्या काठावरून नुसतं ओघळायचं, सायफन पकडायचाच नाही. वाफा सतत भरलेला राहिला तर मुळांना हवा मिळत नाही, आणि माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं झाडांना खत ठरणारं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतोच. आता तोटी पूर्ण उघडून वाफा एकदम भरतो. सायफन खळकन सुरू होतो, वाफा रिकामा होतो. बाहेर जाणाऱ्या पाइपला एल्बो (काटकोनी जोड) लावल्यावर तो आणखी लवकर पकडू लागला.

मासे देशी मागूर घेतले, कारण ते वर येऊन हवेतूनही श्वास घेतात. (थाई मागूर नको, त्यावर भारतात बंदी आहे.) तरी मासे मोजकेच ठेवा, खाणं हात राखून घाला आणि टाकीवर जाळी बांधा.