ब्लॅक अँड व्हाइट न्यूड फोटोंचं पुस्तक पारखताना या चुका टाळा

न्यूड फोटोग्राफीचं पुस्तक हातात पडलं की बरेच जण एकतर भराभरा चाळून मिटून टाकतात, नाहीतर ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणजे क्लासिकच असणार असं म्हणून मान डोलावतात. दोन्हीत फोटो बघायचा राहूनच जातो. मला ही पुस्तकं मनापासून आवडतात आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल नीट बोललंच जात नाही याचं वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

रंग काढले की कला झाली असं मानणं

ही सगळ्यात मोठी चूक. रंग तर आता मोबाइलवर एका टॅपमध्ये निघतात, त्यामुळे नुसतं रंग नसण्याला काही किंमत नाही. विचारायचं ते हे की या फोटोत काळा काय काम करतोय आणि मधले करडे कुठे गेले.

फोटोग्राफर बिल ब्रँटचं १९६१ चं 'पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स' घ्या. ब्रँट जन्माने हॅम्बुर्गचा, पण आयुष्याचं बहुतेक काम इंग्लंडमधलं. दुसरं महायुद्ध संपायच्या सुमारास त्याने एक जुना लाकडी कोडॅक कॅमेरा सेकंडहँड घेतला, पोलीस गुन्ह्याच्या जागेची नोंद करायला वापरायचे तसला, लेन्स खूपच वाइड आणि अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) अगदी बारीक, त्यामुळे लेन्सजवळचा गुडघा आणि खोलीचा पार पलीकडचा कोपरा दोन्ही शार्प यायचे, आणि आतून बघताना इतकं कमी दिसायचं की फोटोत नक्की काय येणार हे बऱ्यापैकी कॅमेऱ्यावरच सोडावं लागायचं. पुढे तो प्रिंट इतके कडक, म्हणजे इतक्या तीव्र कॉन्ट्रास्टचे, करायला लागला की करडे जवळजवळ गायब, त्वचा कागदासारखी पांढरी आणि सावली ठार काळी. कान, कोपर, बोटं हे सगळं शरीराचं न राहता आकार होऊन बसतं. रंगात हे उभंच राहिलं नसतं.

आता अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टन बघा, बरोब्बर उलटा माणूस. आठ बाय दहा इंचाची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच मापाचा प्रिंट काढायचा, एन्लार्जर (छोटी निगेटिव्ह मोठी करून छापायचं यंत्र) नाहीच. १९३६ साली कॅलिफोर्नियात ओशियानोच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याने त्याची मॉडेल आणि जोडीदार कॅरिस विल्सनचे फोटो काढले, त्यात उन्हातली वाळू आणि त्वचा यांच्यात करड्याच्या इतक्या छटा आहेत की मोजता येऊ नयेत. म्हणून कोणी 'कॉन्ट्रास्ट कमी आहे, फोटो फिका आहे' किंवा 'सावलीत डिटेल नाही, प्रिंट वाया गेला' असं म्हणायला लागलं की आधी फोटोग्राफरला काय हवं होतं ते बघायचं. ब्रँटचं माप वेस्टनला आणि वेस्टनचं ब्रँटला लावलं तर दोघंही नापास होतील.

स्क्रीनवर बघून पुस्तकाबद्दल मत बनवणं

फोनवर मागून प्रकाश येतो, कागदावर तो पडून परत येतो, आणि या पुस्तकांचा सगळा जीव त्या परत येणाऱ्या प्रकाशात आहे. त्यामुळे स्कॅन बघून फोटोग्राफरला नावं ठेवू नका, आणि खराब छापलेली प्रत बघून तर अजिबातच नका. काही नेहमीचे प्रॉब्लेम सांगते.

काळा काळा न दिसता कोळशाच्या राखेसारखा दिसतोय? बऱ्याचदा कागद खरखरीत असतो, शाई आत शोषली जाते, किंवा छपाई एकाच काळ्या शाईत उरकलेली असते. चांगल्या पुस्तकांत काळ्याबरोबर करड्या शाईचा दुसरा हात देतात, त्याला ड्युओटोन म्हणतात, त्याने सावल्यांना खोली येते.

फोटो मधेच हिरवट, मधेच गुलाबी वाटतोय? भिंग लावून बघा, रंगीत ठिपके दिसले तर चार रंगांच्या शाईत ब्लॅक अँड व्हाइट छापलंय, ट्यूबलाइटखाली वेगळं आणि खिडकीशी वेगळं दिसणारच. दिवसाच्या उजेडात, जरा तिरकं धरून बघा, चमक पण कळते.

शरीर दोन पानांच्या मधल्या शिवणीत अडकलंय? हा फोटोग्राफरचा दोष नसतो पण पुस्तकाचा नक्की असतो, आणि न्यूडमध्ये तर फारच, कारण एक सलग रेषाच तुटते.

आणि आवृत्ती बघायला विसरू नका. ब्रँटने स्वतःचेच जुने फोटो पुढच्या वर्षांत जास्त कडक करून परत प्रिंट केले, म्हणजे एकच फोटो दोन पुस्तकांत दोन स्वभावांचा भेटू शकतो.

दोन-चार गाजलेले फोटो बघून बाकीची पानं सोडून देणं

पुस्तक आहे ते, क्रमाला अर्थ असतो. ब्रँटचं पुस्तक लंडनच्या खोल्यांत सुरू होतं, खुर्च्या, खिडक्या, दारं, कोणीतरी तिथे राहत असल्यासारखं, आणि हळूहळू आपण समुद्रकिनाऱ्यावर येतो, तिथे शरीर आणि दगड ओळखू येईनात इतके जवळ येतात. हा प्रवास एका पोस्टरमधून कळणार नाही.

युक्ती दिसली की लगेच भारावणं किंवा लगेच झटकणं

हंगेरियन फोटोग्राफर आंद्रे केर्तेशने १९३३ साली पॅरिसमध्ये जत्रेतल्या वाकड्या आरशांत न्यूड मॉडेलचे फोटो काढले, 'डिस्टॉर्शन्स' नावाने ते ओळखले जातात, आणि त्यांचं पुस्तक यायला १९७६ उजाडलं. युक्ती तर पहिल्या पानावरच कळते. पण पुढे बघत राहिलात की काही फोटोंत आरसा फक्त गंमत करतो आणि काहींत शरीर वितळतंय, ताणलं जातंय असं खरंच अस्वस्थ करणारं काहीतरी होतं. पुस्तकातला कच्चा फोटो आणि पक्का फोटो वेगळा करता येणं, हेच पारखणं.

सुंदर शरीर म्हणजे सुंदर फोटो

फोटोग्राफर जॉन कोप्लान्सने साठी ओलांडल्यावर, १९८४ पासून, स्वतःच्याच शरीराचे फोटो काढले, डोकं फ्रेमच्या बाहेर, केस, सुरकुत्या, पोट सगळं जसं आहे तसं, मोठ्ठं. ती पानं उलटल्यावर देखणेपणाचा निकष आपोआप गळून पडतो.

वाद झाला म्हणजे दर्जा आहे, किंवा अश्लील आहे

कोर्टाचा प्रश्न आणि कलेचा प्रश्न वेगळे आहेत. २०१४ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या नग्न फोटोच्या प्रकरणात अश्लीलतेची जुनी ब्रिटिश कसोटी बाजूला ठेवली आणि फोटो संदर्भासकट, आजच्या समाजाच्या नजरेने बघायला सांगितलं. चांगलंच झालं, पण त्याने तो फोटो कलाकृती ठरला असं नाही, त्याचा मुद्दाच वेगळा होता. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकावर नग्न चित्रं छापायचे ते शरीराची लाज जावी म्हणून, त्या धाडसाबद्दल मला फार आदर आहे, तरी ती चित्रं वेस्टनच्या तराजूत तोलायची नाहीत.

याच गडबडीत फोटोग्राफर प्रबुद्ध दासगुप्ताचं नुकसान झालं असं मला वाटतं. १९९५ ची, नग्न मॉडेलांच्या अंगाभोवती अजगर असलेली बुटांची जाहिरात त्याने काढलेली, कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली, आणि १९९६ ला शहरी भारतीय बायकांच्या पोर्ट्रेट आणि न्यूड्सचं 'विमेन' आलं तेव्हा लोक वादाबद्दलच बोलत बसले. ते पुस्तक वाद विसरून बघा, पोर्ट्रेट आणि न्यूड शेजारी शेजारी ठेवण्यात काय साधलंय ते बघा.

चेहरा झाकला की कलात्मक, असा नियम करणं

कधी चेहरा नसल्याने आकार मोकळा होतो, कधी माणूसच वस्तू होतो. वेस्टनच्या १९३६ च्या दारातल्या प्रसिद्ध न्यूडमध्ये कॅरिसने मान खाली घातलीये, चेहरा दिसत नाही, तरी ती हजर आहे, गुडघे कवटाळून बसलेली एक ठराविक बाई. तिनेच नंतर लिहिलंय की वेस्टनला उजव्या हातावरची सावली कायम खटकायची आणि तिला स्वतःचा वाकडा भांग आणि केसांतल्या पिना. मॉडेलचं म्हणणं मिळत असेल तर ते नक्की वाचा, समीक्षकाच्या पानभर लेखापेक्षा जास्त कळतं.

प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. ब्रँटच्या पुस्तकाला कादंबरीकार लॉरेन्स डरेलची आहे, नाव मोठं आहे, पण आधी वाचलीत तर पुढची सगळी पानं त्याच्याच डोळ्यांनी बघाल. पहिल्या वेळी मजकूर सोडून फक्त फोटो बघा, दुसऱ्या दिवशी कुठला आठवतोय ते आठवा, आणि तोच परत उघडून तो का राहिला ते शोधा.